झिणझिण्या, करंट आणि पुढची तारीख: हे मधले दिवस कसे काढायचे?

कोयनाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडा लांबेल.

वय ४१. साताऱ्यात प्राथमिक शाळेत शिकवते. ऑगस्टच्या शेवटी डाव्या पायाला मुंग्या आल्या, त्या गेल्याच नाहीत. मांडी घालून बसल्यावर येतात तशा या नाहीत, त्या चार पावलं टाकली की जातात. आठवड्याभरात पायात मोजा घातल्यासारखं वाटायला लागलं. अनवाणी असले तरी मोजा आहेच. मग पोटरीवरून पाण्याचा ओघळ जातोय असं वाटायचं, हात लावून बघावं तर कोरडं. गेल्या महिन्यापासून मान खाली घातली की मानेपासून कमरेपर्यंत करंट उतरतो. वह्या तपासताना मान खालीच असते, त्यामुळे दिवसातून वीस-पंचवीस वेळा.

आता उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटंही बधिर आहेत. परवा दारात रांगोळी काढायला बसले. चिमटीत रांगोळी आहे की संपली हे बोटांना कळेना. नजर चिमटीवर ठेवली तर रेघ चुकते, रेघेवर ठेवली तर चिमूट कधी सुटली ते समजत नाही. लहानपणापासून काढतेय, ठिपके कधी मोजावे लागले नाहीत. अर्धवट पुसून आत आले.

पुण्याच्या न्यूरॉलॉजिस्टनी गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, घोट्याला कंप पावणारा धातूचा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) वाजवून लावला, डोळे मिटून उभं केलं. डावीकडे चिमट्याचा कंप मला जवळजवळ कळलाच नाही. मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय, एनसीव्ही (नसांतून संदेश किती वेगाने जातो त्याची तपासणी) आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्यात. एमआरआयची तारीख ९ दिवसांनी, डॉक्टरांची २४ दिवसांनी. "रिपोर्ट बघितल्याशिवाय मी काही नाव घेणार नाही," म्हणाले.

औषध कोणतं हे मी विचारत नाहीये. ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांनी ते कसे काढले, आणि घरच्यांना काय सांगितलं? सासूबाई रोज विचारतात, "काय निघालं?" यजमान काहीच विचारत नाहीत. रात्री एक-दीड वाजेपर्यंत फोनवर वाचत बसतात आणि मी आले की स्क्रीन बंद करतात.

सह्यवारा

ताई, वाचून गलबलून आलं. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, पण धागा रोज बघेन. तुम्ही लिहीत राहा.

एकतारी

कोयनाकाठ, मला ११ वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिसचं (एमएस: मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणाला इजा होते तो आजार) निदान झालं. त्याआधी ५ महिने तुमच्यासारखेच गेले.

मान वाकवल्यावर उतरणाऱ्या करंटला ज्याँ लर्मित या फ्रेंच डॉक्टरांच्या नावावरून लर्मित साइन म्हणतात. शोधायला गेलात तर पहिल्यांदा एमएस दिसेल, म्हणून घाईने लिहितेय: तो करंट म्हणजे एमएसच असं नाही. मानेतल्या मज्जारज्जूच्या मागच्या भागाला कशानेही त्रास झाला की तो येतो. बी-१२ कमी असेल तरी, मानेचा मणका दाबत असेल तरी. माझ्या शेजारच्या बेडवरच्या काकूंना हाच करंट होता आणि त्यांचं मणक्याचं निघालं. करंटावरून जागा कळते, कारण कळत नाही. तुमचे डॉक्टर नाव घेत नाहीत ते बरोबर करतायत.

मला उपयोग झाला तो वहीचा. रोज रात्री तीन ओळी: आज काय जाणवलं, कुठे, किती वेळ. त्यापलीकडे त्यावर विचार करायचा नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर निम्मं आठवत नाही, त्या दिवशी वही पुढे केली आणि त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली.

पिठलंभाकर

शाकाहारी आहात का? असाल तर बी-१२ नक्की कमी असणार. वाट कशाला बघायची, मेडिकलमधून मिथाइलकोबालामिनच्या (म्हणजे बी-१२ च्याच) गोळ्या आणून आजपासून सुरू करा. पाण्यात विरघळणारं व्हिटॅमिन आहे, अपाय काहीच नाही.

दवाखाना_बाजारपेठ

पिठलंभाकर, हेतू चांगला आहे, पण सल्ला चुकतोय. संगमनेर भागात २२ वर्षं जनरल प्रॅक्टिस करतोय, हे दर महिन्याला बघतो. रक्त द्यायच्या आधी गोळी सुरू केली की रक्तातला आकडा वर जातो, नसांची अवस्था तीच राहते. मग रिपोर्ट नॉर्मल येतो आणि खरं कारण हातातून निसटतं. ताई, आधी रक्त द्या, मग डॉक्टर म्हणतील ते सुरू करा. पोटात रक्त तपासायला दोन दिवस लागतील, आभाळ कोसळणार नाही.

बी-१२ कडे लक्ष द्यायचं हे मात्र १०० टक्के मान्य. आपल्याकडे ही कमतरता फार पसरलेली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांच्यावर जे काम केलं, त्यातून ही गोष्ट जगासमोर आली. मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही बी-१२ कमी होतं. आकडा काठावर असेल तर होमोसिस्टीनही (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) बघतात.

दवाखाना_बाजारपेठ

वर "पोटात रक्त" असं उमटलंय, ते नुसतं "रक्त" असं वाचावं. फोनवरून लिहितोय.

तीनफुली

"अपाय काहीच नाही" यावर माझा अनुभव. तळपायाची आग होते म्हणून मी दोन वर्षं मेडिकलवाल्याकडून 'नसांच्या गोळ्या' घेत होतो. त्यात बी-१२ सोबत बी-६ होतं, आणि दुसऱ्या एका टॉनिकमध्येही बी-६. आग कमी व्हायच्या ऐवजी बोटंही चुणचुणायला लागली. शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टनी सगळ्या बाटल्या टेबलावर मांडायला सांगितल्या आणि मागचं बारीक छापलेलं वाचून काढलं. बी-६ जास्त प्रमाणात, जास्त दिवस घेतलं तर त्यानेच नसांना इजा होते. बंद केल्यावर आठ-दहा महिन्यांत बराच फरक पडला. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, चूर्णं, टॉनिकं पिशवीत भरून डॉक्टरांकडे न्या.

पिठलंभाकर

हे मला माहीत नव्हतं. सल्ला मागे घेतो. आमच्या आईलाही अशाच गोळ्या चालू आहेत, आज डबा बघतो.

आबा_वाईकर

मी ७३ वर्षांचा. आमच्या वेळी तळपायाची आग झाली की आई काशाच्या वाटीला तूप लावून तळवे घासायची. तूप काळं पडेपर्यंत. उष्णता बाहेर निघते म्हणायची. मुलीने हे करून बघावं, एमआरआयपेक्षा स्वस्त आहे.

दवाखाना_बाजारपेठ

आबा, वाटीला माझा विरोध नाही, माझी आजीही करायची. तूप काळं पडतं ते काशातल्या तांब्यामुळे, कोणत्याही कोरड्या पायावर पडेल. घासल्याने बरं वाटतं हेही खरं. पण पाय बधिर असेल तर किती जोरात घासलं जातंय हे त्या माणसाला कळत नाही. माझ्याकडे एक मधुमेही आजोबा आले होते, तळव्याची साल निघाली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. दुसऱ्याने हलक्या हाताने घासावं आणि तपासणी टाळू नये, एवढंच.

आबा_वाईकर

पटलं. पोरी, तपासणी कर. वाटी नंतर सासूला धरायला सांग. "काय निघालं?" विचारत बसण्यापेक्षा तिच्या हाताला काम मिळेल.

मोहाचीफुलं

चंद्रपूर जिल्ह्यात आरोग्य विभागात काम करते. एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहितेय. हातापायाला बधिरपणा असेल तर पूर्ण अंगाची कातडी उजेडात नीट बघून घ्या. आजूबाजूपेक्षा फिकट किंवा लालसर चट्टा, ज्यावर पिसाचा स्पर्श कळत नाही, घाम येत नाही, कोपराच्या आतल्या बाजूची नस दोरीसारखी जाड लागते: हे कुष्ठरोगाचं असू शकतं. ताईंचं वर्णन तसं नाही, पण हा धागा उद्या आणखी कोणी वाचेल.

लोक हे नाव ऐकून घाबरतात आणि लपवतात. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं तेव्हाचा काळ आता राहिला नाही. १९८२ पासून बहुविध औषधोपचार आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो, प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने. लवकर आलेला माणूस हाताची बोटं शाबूत ठेवून घरी जातो. उशिरा आलेल्यांची बोटं मी रोज बघते.

एकतारी

मोहाचीफुलं, लिहिलंत ते फार चांगलं केलंत.

शब्दवेल्हाळ

थोडं अवांतर वाटेल, पण मला ते धाग्याशी जोडलेलंच वाटतं. माझ्या एनसीव्हीच्या वेळी तिथल्या मॅडमनी विचारलं, "नेमकं कसं होतं?" मी इंग्रजीत सांगायला गेले आणि अडखळले. त्या म्हणाल्या, मराठीत सांगा, मराठीत जास्त कळतं.

खरंच आहे. ठसठस नाडीच्या ठोक्याबरोबर येते, गळू पिकल्यावर असते ती. सणक आली तशी निघून जाते. चुरचुर कातडीच्या वरवर, साल निघाल्यावर होते तशी. कळ आतून उठते आणि पसरते. चमक एका हालचालीत भरते. रग कामाने लागते आणि झोपेने जाते. झिणझिण्या वेगळ्या आणि मुंग्या वेगळ्या: मुंग्या चालतात, झिणझिण्या जागच्या जागी असतात. मॅडम म्हणाल्या, ठसठस आणि रग सांगणारा पेशंट बहुतेक वेळा नसांचा नसतो, सणक, चुणचुण, आग आणि बधिरपणा एकत्र सांगणारा असतो.

ताई, वहीत "दुखलं" लिहू नका. यातला शब्द लिहा.

घाटरस्ता

यात "लवलव" घाला. माझ्या पापणीला आणि पोटरीच्या मांसाला व्हायची, कातडीखाली काहीतरी वळवळल्यासारखी. मी तीन महिने ती मोठ्या आजाराची खूण समजून झोपलो नाही. नुसती लवलव, ताकद शाबूत आणि तपासणी नॉर्मल असेल तर ती बहुतेकदा निरुपद्रवी असते, हे डॉक्टरांनी मला चार वेळा सांगितलं तेव्हा पटलं. चहा पाच कपांवरून दोनवर आणला.

माळरान७

सगळ्यांचं वाचतोय. माझा अनुभव कडू आहे. १४ महिने मला "टेन्शन घेऊ नका" याशिवाय काही मिळालं नाही. एनसीव्ही नॉर्मल, एमआरआय नॉर्मल. एका मोठ्या डॉक्टरांनी माझ्यासमोर बायकोला सांगितलं, "यांना कुठेतरी फिरवून आणा." रात्री चादर पायाला लागली तरी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की एनसीव्ही फक्त जाड नसा तपासतं. आग आणि तापमान वाहणाऱ्या बारीक नसा त्यात दिसतच नाहीत. त्यासाठी घोट्याजवळच्या कातडीचा तीन मिलिमीटरचा तुकडा काढून त्यातले तंतू मोजतात. माझे कमी निघाले. स्मॉल फायबर न्यूरोपथी. त्या दिवशी मी पार्किंगमध्ये रडलो, आजार निघाला म्हणून नव्हे, खोटं बोलत नव्हतो हे कागदावर आलं म्हणून.

मनाचं असतं म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

पायवाट

माळरान, तुमच्याबरोबर झालं ते वाईटच. पण शेवटच्या वाक्याशी असहमत. माझं निदान फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर आहे. उजवा पाय ओढत चालायचो, अर्धं अंग बधिर. मेंदू, मणका, नसा शाबूत आहेत, पण मेंदूकडून येणारे-जाणारे संदेश गडबडलेत. डॉक्टरांनी ते मला तपासणी करूनच दाखवलं: उजवी टाच खाली दाबायला सांगितली तर जोर नाही, डावा पाय उचलायला सांगितला की तीच उजवी टाच आपोआप दाबली जाते. नाटक नाही, वेडेपणा नाही, आणि फिजिओथेरपीने मी आता रोज ३ किलोमीटर चालतो. "मनाचं" या शब्दाची मला इतकी भीती घातली होती की हे निदान स्वीकारायला वर्ष गेलं. तेवढं वर्ष पाय ओढला.

माळरान७

मान्य. मी "मनाचं" म्हणून हाकलून देणाऱ्यांबद्दल बोलत होतो. तुम्हाला तपासून सांगितलं, मला न तपासता सांगितलं. राग त्याचा आहे.

ढोलपथक

एमआरआयची भीती वाटत असेल तर: मी मेंदू आणि मानेच्या स्कॅनला सव्वा तास आत होतो. ते मशीन ठोके बदलत राहतं. तिसऱ्या ठेक्याला मला आमच्या पथकाचा सराव आठवला, मग प्रत्येक ठेक्यावर मनातल्या मनात ताशा वाजवत बसलो. बाहेर आल्यावर टेक्निशियन म्हणाला, बोटं हलवू नका असं सांगितलं होतं ना! आत जायच्या आधीच डोळे मिटा आणि बाहेर येईपर्यंत उघडू नका, म्हणजे नळी दिसतच नाही. मंगळसूत्र, जोडवी, पिना घरीच ठेवून जा.

सिंहगडरोड_रहिवासी

आम्ही जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची (गिलाँ-बारे सिंड्रोम: शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते तो आजार) साथ अगदी शेजारी बघितली. नांदेड गाव, धायरी, किरकटवाडी, सगळीकडे तीच चर्चा, रुग्ण दोनशेच्या वर गेले होते. आमच्या मजल्यावरच्या मुलाला आधी जुलाब, आठवड्याने पायाला मुंग्या, दुसऱ्या दिवशी जिना चढता येईना. त्याच्या आईने वाट बघितली नाही म्हणून तो आज कॉलेजात आहे.

म्हणून सांगतो, तारीख २४ दिवसांनी असली तरी काही गोष्टींना तारीख नसते. पायाची ताकद तासातासाने वर चढत कमी होणं, श्वास किंवा गिळणं जड जाणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, बैठकीच्या जागेला बधिरपणा, तोंड अचानक वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय एकदम लुळा पडणं. यातलं काहीही झालं तर रात्री दोन वाजताही सरळ कॅज्युअल्टी.

एकतारी

हे प्रिंट काढून फ्रिजवर लावा. कशाला घाबरायचं हे ठरलं की बाकीच्याला घाबरणं कमी होतं, निदान माझं झालं.

आणि दिवाळी आलीय म्हणून: अभ्यंगस्नानाला कढत पाणी घेऊ नका. अंग तापलं की नसांचे त्रास काही जणांत तेवढ्यापुरते वाढतात. १८९० मध्ये ऊटहोफ नावाच्या डॉक्टरांनी हे नोंदवलं. पूर्वी एमएसच्या तपासणीसाठी पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवायचे! अंग निवलं की उतरतं, पण माहीत नसेल तर काळजाचं पाणी होतं. पाणी डाव्या पायाने किंवा उजव्या हाताने अजिबात तपासू नका, डाव्या कोपराने तपासा.

उंबरठा

तुमच्या यजमानांबद्दल लिहायला आलोय. मी त्या बाजूला होतो. बायकोची तपासणी चालू होती तेव्हा मीही रात्री वाचत बसायचो आणि ती आली की फोन उलटा ठेवायचो. मला वाटायचं मी तिला जपतोय. तिला वाटायचं मला काहीतरी भयंकर कळलंय आणि मी लपवतोय. दोघं एकाच खोलीत वेगवेगळे घाबरलेलो.

एक दिवस तिनेच फोन मागितला आणि म्हणाली, काय वाचलंस ते मोठ्याने वाच. वाचलं. निम्मं तिला लागूच नव्हतं, ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मग आम्ही ठरवलं: आठवड्यातून एकदा, रविवारी चहाबरोबर अर्धा तास, दोघांनी मिळून. इतर दिवशी बंद. तपासणीला जाताना मी रजा काढून बरोबर गेलो, फाइल माझ्याकडे ठेवली. आम्हाला काम द्या हो. आबांनी सासूबाईंबद्दल लिहिलंय ते नवऱ्यांनाही लागू आहे.

कोयनाकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. रक्त आजच देऊन आले, गोळी एकही घेतली नव्हती. उंबरठा, तुमचा प्रतिसाद यजमानांना नुसता वाचायला दिला. ते काही बोलले नाहीत, पण रात्री फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात लावून आले. सासूबाईंनी काशाची वाटी माळ्यावरून काढलीय. डोळे मिटून बसते, डावीकडे वाटी फिरतेय की नाही ते कळत नाही, उजवीकडे कळतं. वहीत लिहिलं.

फाइलबंद

व्यवहाराचं कोणीतरी लिहायला हवं. मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन दोन्ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहेत. एमएसवाल्यांसाठी १९८५ पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया काम करते, मुंबई-पुण्यात शाखा आहेत. पण निदान होईपर्यंत तुम्ही कोणत्याच रकान्यात बसत नाही, आणि रजा तर आत्ताच लागते. म्हणून प्रत्येक भेटीचा कागद, प्रत्येक पावती तारखेनुसार लावून ठेवा. नवा आरोग्य विमा घेत असाल तर आत्ताचा त्रास आणि तपासण्या लपवू नका, पुढे दावा त्यावरच नाकारला जातो. आधीपासूनच्या आजारासाठीची प्रतीक्षा २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने आहे.

घाटरस्ता

धागा वर काढतोय. कोयनाकाठ, तुळशीचं लग्न झालं, काही कळलं का?

कोयनाकाठ

उशीर झाला, माफ करा. परवा जाऊन आले. यजमान रजा काढून बरोबर होते, फाइल त्यांच्याकडे.

बी-१२ १३८ आलं, बरंच कमी. एनसीव्ही नॉर्मल. मेंदूचा एमआरआय स्वच्छ. मानेच्या मज्जारज्जूत मागच्या बाजूला एक डाग आहे. डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवला, साबुदाण्यापेक्षा लांबट. तो बी-१२ चा असू शकतो, एकदाच येऊन गेलेली सूज असू शकते, एखाद्या मोठ्या आजाराची सुरुवातही असू शकते. एमएस म्हणायला वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या वेळी झालेली इजा दिसावी लागते, आत्ता जागा एकच आहे. रक्तातल्या दोन अँटिबॉडीज तपासायला पाठवल्यात, पाठीतलं पाणी काढायचं की नाही ते त्यानंतर ठरवू म्हणाले. बी-१२ ची इंजेक्शनं एक दिवसाआड सुरू झाली, तीन महिन्यांनी मानेचा एमआरआय परत.

म्हणजे नाव अजून नाहीच.

वही त्यांनी वाचली. "झिणझिण्या, जागच्या जागी" या ओळीखाली पेनाने रेघ मारली. करंट वीस-पंचवीसवरून सहा-सातवर आलाय, तेही लिहून ठेवलं होतं म्हणूनच सांगता आलं. मोजा तसाच आहे.

एकतारी

तीन महिने आम्ही इथेच आहोत. पाठीतलं पाणी काढायची वेळ आली तर आदल्या दिवशी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रात्री कितीही वाजता.

शब्दवेल्हाळ

आणि रांगोळी? दिवाळीत काढलीत का?

कोयनाकाठ

काढली. पाडव्याला. डाव्या हाताने जमेना, म्हणून मुलीने कागदाचा कोन करून दिला, मेंदीचा असतो तसा, टोक जरा मोठं कापून. चिमटीची गरजच नाही, कोन तिरका केला की रांगोळी सुटते आणि उभा केला की थांबते. रेघ जाड येते. ठिपके मुलीने घातले, अकरा ते सहा. मी कोन धरून जोडत गेले आणि मान खाली गेली की ती म्हणायची, "आई, मान." दोन तास लागले. सासूबाई शेजारी पाट टाकून बसल्या होत्या.